मंदारच्या जागी केतकी

भुसावळच्या नेहेत्यांच्या घरात साधं पाणी मागितलं जायचं, तेसुद्धा फलाट क्रमांक चारवर गाडी येत असल्यासारखं. "पाणी." खणखणीत, ठसठशीत, अक्षर न् अक्षर सुटं. नवखा माणूस दचकायचाच. शैलजाताईंची दिवसभर देखभाल करणारी यमुनामावशी रोज हसायची आणि रोज तेच म्हणायची, "माय वं! ताई पाणी मागता का गाडी सोडता?"

शैलजाताई स्वतः मात्र पलंगावर निश्चल. सत्तावीस वर्षं त्यांनी भुसावळ जंक्शनवर गाड्यांच्या घोषणा केल्या, आणि एकाहत्तराव्या वर्षी मेंदूच्या देठाशी असा झटका आला की मानेखालचं सगळं गेलं, वर जीभही गेली. उरल्या दोन पापण्या. आतलं डोकं मात्र लख्ख शाबूत! कुणाला शत्रूलाही येऊ नये अशी शिक्षा. बोलत होतं ते त्यांच्या उशाशी ठेवलेलं यंत्र. त्याचं नाव वाचा.

आता हे वाचा प्रकरण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आपण "पाणी" म्हणतो तेव्हा मेंदूचा एक ठरावीक भाग जिभेला, ओठांना, गळ्याला हुकूम सोडतो. शैलजाताईंचे हुकूम सुटत होते, पण ऐकणारं खाली कुणी नव्हतं. म्हणून त्या भागावर नखाएवढी तारांची जाळी बसवली. ती जाळी हुकूम टिपते. प्रत्येक शब्दाच्या हुकुमाची ठेवण वेगळी, ती ओळखून यंत्र आधी तो शब्द लिहितं आणि मग लिहिलेलं वाचून दाखवतं. आवाज शैलजाताईंचाच, जुन्या घोषणांच्या ध्वनिफितींतून घडवलेला. पण मधली पायरी लक्षात ठेवा: मनातलं आधी मजकूर होतं, मग आवाज. सगळं रामायण घडलं ते त्या मधल्या पायरीवर.

आणि यंत्राला प्रत्येक शब्द शिकवावा लागतो. रोग्याने तो तीनशे वेळा मनातल्या मनात म्हणायचा, तेव्हा कुठे ठेवण पक्की होते. पाच महिन्यांत शैलजाताईंचे साडेतीनशे शब्द झाले. पाणी, पंखा, कूस, दुखतंय, ये, जा, बस. ही सगळी प्रयोगशाळेची ठरलेली यादी. त्यांनी स्वतः अक्षरफळ्यावर पापणी मिटत मिटत त्यात फक्त तीन शब्दांची भर घातली आणि मग दमल्या. मंदार. केतकी. वेणी.

"वेणी कशाला गं, आई?" केतकी हसली होती. "चाळिशीला टेकले मी."

आईने पापणी एकदा मिटली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. झालं, शिकवला तोही शब्द. पण त्यानंतर त्या शब्दाचं कधी काम पडलं नाही.

केतकी म्हणजे शैलजाताईंची मुलगी, आणि योगायोग म्हणा की नशीब म्हणा, पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत वाचा घडलं तिथलीच प्रोग्रामर. आई पडली तशी ती पुण्याचा फ्लॅट बंद करून भुसावळला आली. आईची कूस बदलायची, अंग पुसायचं, नळीतून पेज द्यायची आणि उरलेल्या वेळात त्याच खोलीत लॅपटॉप उघडून नोकरी करायची. आठ महिने झाले होते. तिचे स्वतःचे केस विंचरायलासुद्धा तिला फुरसत होत नसे. वर एक क्लिप अडकवली की झालं.

आणि मंदार? मंदार तिचा दादा. बावीस वर्षांचा असताना जामनेर रस्त्यावर मोटरसायकलवरून गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. बातमी आली तेव्हा आई माइकवर होती. हातातली घोषणा तिने पूर्ण केली, माइक बंद केला आणि मग खाली बसली. त्या दिवसानंतर तिने मंदारचं नाव म्हणून उच्चारलं नाही. फोटो कपाटात गेला. कुणी विषय काढला तर आई उठून स्वयंपाकघरात जायची.

आणि वाचा सुरू झाल्यावर यंत्रातून आपणहून निघालेला पहिला शब्द कोणता? "मंदार."

पहिल्यांदा केतकी रडली. पण मग ते रोजचंच झालं. दिवसाला तीस वेळा, चाळीस वेळा. कूस बदलली, "मंदार." पेज दिली, "मंदार." खिडकीबाहेर मालगाडीची शिट्टी झाली, "मंदार." फलाटावरच्या त्या स्वच्छ आवाजात, जणू तो आत्ता येतोय, फक्त थोडा उशिराने धावतोय. केतकी मोजायला लागली. माणसाने असं काही मोजू नये, पण ती मोजायची. जिवंत माणसाशी भांडता येतं हो, मेलेल्याशी कोण भांडणार? तो कधी चुकत नाही, कधी चिडत नाही, कधी दमत नाही. "मी करतेय ना गं सगळं!" असं ती एकदा मोरीत तोंडावर पाणी मारता मारता मोठ्याने बोलली.

एका मंगळवारी दुपारी आईची पाठ सोलवटली म्हणून मलम लावताना तिच्या स्वतःच्या कमरेत उसण भरली. ती कशीबशी सरळ झाली आणि उशाशी खणखणीत आवाज आला, "मंदार."

केतकी लंगडत लॅपटॉपपाशी गेली.

काम चौथीतल्या मुलाला जमेल असं होतं. मजकुरात एक शब्द शोधायचा आणि त्याच्या जागी दुसरा ठेवायचा. फक्त एक पथ्य पाळायचं, शब्द संपूर्ण जुळला पाहिजे. नाहीतर ‘घर’च्या जागी ‘बंगला’ ठेवा म्हटलं की चिमणीच्या घरट्याचंही ‘बंगलाटं’ होतं आणि घरंगळत जाणारा चेंडू बंगलांगळत जातो. म्हणून यंत्राला शब्दाच्या कडा दाखवून द्यायच्या: इथे सुरू, इथे संपला. मधला तुकडा जुळला तर हात लावू नकोस. केतकीने हे हजार वेळा केलं होतं. शोधा: मंदार. बदला: केतकी. संपूर्ण शब्द. सगळीकडे. मंदारला, मंदारचा हीसुद्धा रूपं तिने आठवणीने घातली, कारण कामात ती चोख होती.

दहा मिनिटांनी आवाज आला. "केतकी."

ती वळली. आई तिच्याकडेच बघत होती. तिच्या आवाजात, त्या फलाटावरच्या आवाजात, स्वतःचं नाव. केतकी पलंगाच्या कडेला टेकली आणि आईच्या हाताला गाल लावून हमसाहमशी रडली. खोटं आहे हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. लाज वाटली का? वाटली. पण गोडही वाटलं, आणि गोड वाटलेलं सोडवत नाही.

एक गोष्ट तिला त्या दिवशी आठवायला हवी होती. आई निवृत्त होण्याआधी नव्या मुलींना शिकवायची तेव्हा एक नियम घोकून घ्यायची: गाडी बदलली तर आधी रद्द झालेली सांगायची, मग बदली गाडी. नुसती बदली गाडी सांगितली तर माणसं जुन्या गाडीची वाट बघत बाकावर बसून राहतात.

केतकीने काहीच सांगितलं नाही.

असे चार महिने गेले. केतकीचा चेहरा पालटला. यमुनामावशीसुद्धा म्हणाली, "आता कसं ताईंना लेक दिसायला लागली!" आणि मग जाळी बसवली होती तिथे सूज आली, ताप चढला. जळगावच्या डॉक्टरांनी सोमवारी तपासून सरळ सांगितलं, "जंतू जाळीपर्यंत पोचलेत. गुरुवारी सकाळी जाळी काढायची. तोवर घरी सलाइनमधून औषध चालू ठेवा."

"मग नवी कधी बसवायची?"

"नवी नाही बसणार, ताई. तिथे व्रण होईल. जीव वाचवूया, एवढंच बघा."

म्हणजे गुरुवारनंतर आई कायमची गप्प. आणि या तीन दिवसांत तिला लेकाचं नाव घ्यायचं असेल तर? घरी येताच तिने लॅपटॉप उघडला, नियम शोधला, पुसून टाकला. एका बोटाचं काम! आईच्या शेजारी बसून ती वाट बघत राहिली.

आईने डोळे उघडले. मालगाडीची शिट्टी झाली.

"केतकी," यंत्र म्हणालं.

तिने यंत्र बंद करून चालू केलं. नियम खरंच गेलाय का ते तीनदा पाहिलं. गेला होता. "केतकी." पुन्हा "केतकी." तिने पुण्याला, आपल्या वरिष्ठांना फोन लावला. इनामदार सर म्हणजे वाचाच्या शिकण्याचा भाग ज्यांनी लिहिला ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं.

"नियम कुठे बसवलास? आवाजाच्या आधी की शिकण्याच्या आधी?"

केतकीच्या लक्षात आलं आणि तिने कपाळाला हात लावला.

कारण वाचा स्वतःहून शिकत असतं. दर चोवीस तासांनी ते दिवसभरातले मेंदूचे हुकूम आणि दिवसभरात लिहिलेले शब्द शेजारी ठेवतं आणि स्वतःला दुरुस्त करतं. रोगी बदलतो, जाळी सरकते, म्हणून ही सोय. लिहिलेलं चुकलं असेल तर? त्यालाही उपाय आहे. आपण बोलायला गेलो एक आणि तोंडातून निघालं भलतंच, तर मेंदू पाव सेकंदात आतल्या आत ‘च्च’ करतो. ते ‘च्च’ जाळीला कळतं आणि तो शब्द शिकण्यातून वगळला जातो. केतकीचा नियम या शिकण्याच्या आधी बसला होता. आईच्या डोक्यातून मंदार निघायचा, यंत्राच्या वहीत केतकी लिहिलं जायचं, आणि यंत्र इमानेइतबारे शिकत गेलं की हा हुकूम म्हणजे केतकी.

"पण आईने ‘च्च’ केलं असणार ना, सर! मग ते वगळलं असेल!"

"थांब, बघतो." कळफलकाचा आवाज आला. "पहिल्या दिवशी अकरा वेळा केलंय. दुसऱ्या दिवशी चार वेळा."

"आणि मग?"

"मग नाही."

‘च्च’ काही ठरवून करता येत नाही, ठरवून थांबवताही येत नाही. ज्याची अपेक्षाच उरली नाही त्याची चूक मेंदूला लागत नाही. दोन दिवसांत आईने अपेक्षा सोडून दिली होती. केतकीने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"जुनी प्रत, सर? नियमाच्या आधीची?"

"नव्वद दिवसांवरचं सगळं पुसतो आपण, उरते ती ‘च्च’ची नुसती मोजदाद, तुलाही माहीत आहे. आता यंत्रात मंदार नावाची ठेवणच उरली नाही. दोन दोर एकाच गाठीत गेलेत."

"मी सोडवते."

सोमवारची संध्याकाळ, रात्र आणि मंगळवारची सकाळ ती सोडवत बसली. नव्वद दिवसांत यंत्राने दोन हजार नऊशे बारा वेळा केतकी म्हटलं होतं. त्यातल्या खऱ्या केतकी किती आणि आत मंदार असलेल्या किती? तिने हुकुमांचे आलेख एकावर एक ठेवले, दोन ढीग पडतात का पाहिलं. पडेनात. पांढऱ्या तांदळात पांढरे खडे मिसळले की डोळ्यांना काय दिसणार! नुसता एक शब्द दुसऱ्यात बदलला असता तर उलटा बदलता आला असता. पण तो दुसरा शब्द मजकुरात आधीपासूनच होता. तिथेच तर सगळा घात झाला.

आधीपासूनच होता. केतकीची बोटं थांबली. म्हणजे नियमाच्या आधीही आई "केतकी" म्हणत होती की! "केतकी, पाणी." "केतकी, बस." दिवसाला पाच-सहा खऱ्याखुऱ्या हाका यायच्या. तिने त्या मोजल्याच नव्हत्या. मंदारच्या चाळीस मोजत बसली होती. आता त्या खऱ्या हाकाही त्याच ढिगात गेल्या, कायमच्या. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

मंगळवारी दुपारी तिने आईला नव्याने शिकवायचा प्रयत्न केला. "आई, मी खूण केली की मंदार म्हण. मनात म्हण. तीनशे वेळा लागतील, पण आपण करू हं." आईने केलं. तापाने फणफणलेली बाई, एकोणीस वेळा केलं. विसाव्या खुणेला तिचे डोळे मिटले आणि यमुनामावशीने केतकीचा हात धरून तिला बाजूला ओढलं.

"बस कर. काय जीव घेशील का तिचा?"

"मावशी, मीच घालवलंय गं त्याचं नाव."

तिने मावशीला सगळं सांगितलं. मावशीला त्यातलं यंत्राचं अर्धंही कळलं नाही, पण मुद्द्याचं तेवढं कळलं. "मग मले काय सांगते? जिचं घेतलं, तिले सांग ना."

बुधवारी सकाळी इनामदारांचा फोन आला. गाठ सुटणार नाही, ते म्हणाले, पण गाठीला नाव कोणतं द्यायचं एवढं हातात आहे. एक उलटा नियम लावायचा. शोधा: केतकी. बदला: मंदार.

"म्हणजे सगळे केतकी मंदार होतील?"

"सगळे. तुला हाक मारली तरी तेच नाव निघेल." ते थोडे घुटमळले. "तिला विचार हवं तर."

दोन लेकरांतलं एक निवड, असं आईला विचारायचं? एवढी निर्दय ती नव्हती. एकदा न विचारता केलं होतं, आता निस्तरणंही तिचं तिनेच केलं पाहिजे. पण गुरुवारनंतर तिचं नाव आईच्या आवाजात पुन्हा कधीच येणार नव्हतं. म्हणजे शेवटच्या दिवसाची हाकसुद्धा तिला दुसऱ्याच्या नावाने सोडून द्यायची होती. कर्सर ‘बदला’ या शब्दावर लुकलुकत होता आणि तिचं बोट उचलत नव्हतं. मलाही आई हवी आहे, असं ती अगदी हळू पुटपुटली. मग तिने बोट दाबलं.

ती पलंगाशी गेली. आईचे डोळे उघडे होते.

"आई, चार महिने तू मंदार म्हणायचीस आणि मी यंत्राला केतकी म्हणायला लावत होते. तुला कळलं होतं?"

पापणी एकदा मिटली. हो.

"पहिल्याच दिवशी?"

हो.

"मग गप्प का राहिलीस गं?" हा प्रश्न हो-नाहीचा नव्हता, आणि अक्षरफळ्याइतकं बळ तापाने ठेवलं नव्हतं. आई नुसती तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या पहिल्या दिवशीही अशीच बघत होती, लेक हाताला गाल लावून रडत होती तेव्हा. केतकीला उत्तर मिळालं आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

तिने डोळे पुसले, ताठ उभी राहिली आणि आईने शिकवलेल्या पद्धतीने, आधीची गोष्ट आधी सांगितली. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. केतकी आजपासून रद्द करण्यात आली आहे. तिच्या जागी मंदार येईल. झालेल्या..." तिचा आवाज फाटला. "झालेल्या गैरसोयीबद्दल मला माफ कर."

आईच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं.

"मंदार," यंत्र म्हणालं.

यमुनामावशीने पदर तोंडाला लावला. केतकी कपाटाकडे गेली, फोटो काढला आणि आईला दिसेल असा खिडकीत ठेवला. बारीक कापलेल्या केसांचा, कायम हसणारा दादा. दिवसभर आई त्याला बोलावत राहिली. "मंदार, ये." "मंदार, बस." "मंदार, पाणी." केतकी प्रत्येक वेळी फोटोकडे बघायची. दादाला पाणी हवंय का आईला, हे विचारायला तिची जीभ रेटेना. मग ती दोन्हीकडे पेला न्यायची. आधी फोटोपुढे धरायची, मग आईचे ओठ ओले करायची.

गुरुवारी सकाळी रुग्णवाहिका दारात आली. स्ट्रेचर घेऊन दोघे जण ओसरीवर थांबले. केतकी पिशवीत कागद भरत होती. दोन दिवस डोक्याला फणी लागली नव्हती. क्लिपही कुठे पडली होती कोण जाणे, केस तोंडावर येत होते आणि ती ते मनगटाने मागे सारत होती. आई ते बघत होती.

"मंदार," यंत्र म्हणालं.

केतकीने सवयीने फोटोकडे पाहिलं.

"मंदार. ये. वेणी."

कागद तिच्या हातातून पडले. चार वाजता उठून, सहाच्या पाळीला जायच्या आधी, अर्धवट झोपेतल्या पोरीला गुडघ्यांत धरून आई वेणी घालायची. इतकी घट्ट, की डोळे ताणले जायचे. "सैल घाल ना गं आई," म्हणून ती रोज भोकाड पसरायची. मंदारचे केस तर मुठीतही येत नसत.

"काय म्हणता ताई?" मावशीने विचारलं. "पोराले बोलावता का?"

"नाही, मावशी. मला." बाहेर चालकाने हॉर्न वाजवला. "त्यांना पाच मिनिटं थांबायला सांग."

ती पलंगाला पाठ लावून खाली फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी. मान मागे टाकून सगळे केस आईच्या उघड्या तळव्यावर ठेवले. ती बोटं हलणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. मग तिनेच हात मागे नेऊन केसांचे तीन पेड केले आणि एकेक पेड आईच्या बोटांमधून ओढून घेतला.

"मंदार," आई म्हणाली.

"आले गं, आई," केतकी म्हणाली. "घट्ट घाल."